टाकीतलं जादा पाणी

माझं काम नेमकं काय आहे, हे आमच्या गारखेड्याच्या गल्लीत एकदाच कुणीतरी नीट विचारलं होतं, आणि माझं उत्तर अर्ध्यावर असतानाच त्या गृहस्थांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. तेव्हापासून मी सांगणं सोडून दिलं. लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, की मी हवामान खात्यात आहे आणि घरी बसून पाऊस बघते. त्यामुळं मला रस्त्यात कुणी "कशी आहेस?" असं विचारत नाही. "गुरुवारी कुरडया घालू का?" असं विचारतात.

खरं काम असं. पृथ्वीच्या हवामानाचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर आहे. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी मिळून ते कित्येक वर्षं लिहिलंय आणि अजून लिहितायत. त्यात समुद्र आहेत, वारे आहेत, बर्फ, जंगलं, ढग, सगळं आहे. ते चालवलं, की पुढच्या पिढीच्या काळात जग किती तापलेलं असेल याचा अंदाज येतो. रोज कुणी ना कुणी त्यात काहीतरी नवं घालतं, आणि घालताना जुनं काहीतरी मोडतं. काय मोडलं ते शोधून, लिहून, संबंधितांच्या गळ्यात मारणं हे माझं काम. शास्त्रज्ञ ढग बनवतात, मी ढगांच्या चुका काढते. बाबांचं म्हणणं, हेच मी आधी लग्नाच्या पंगतीत बसून फुकट करत होते.

या सॉफ्टवेअरमध्ये सगळी पृथ्वी चौकोनांत कापलेली असते. आमच्या वाट्याला एक चौकोन आलाय. हर्सूलचा तलाव, तिथला तुरुंग, गंगापूरचा ऊस, आमची गल्ली आणि कुरडया घालणाऱ्या काकू, या सगळ्यांना मिळून एकच तापमान. काकूंची नातवंडं म्हातारी होतील तेव्हाचं मी थोडंफार सांगू शकते. गुरुवारचं नाही सांगू शकत. हे ऐकून काकू माझ्याकडं अशा बघतात, जशी मीच अभ्यास कमी केलाय.

घरात बाबा आणि मी. आई गेल्यापासून दोघंच. बाबांची सगळी नोकरी धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर धरण सुटलं, सवय सुटली नाही. गच्चीवर आमची एक काळी प्लॅस्टिकची टाकी आहे. बाबांनी एक बांबू तासून त्याच्यावर लाल रंगाच्या पंधरा खुणा केल्या. रोज सकाळी सातला ते वर जातात, काठी टाकीत बुडवतात, चष्मा कपाळावर चढवून खूण वाचतात आणि खाली येऊन चहाआधी जाहीर करतात, "आज सहा." आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, येईल त्या दिवशी येतं, त्यामुळं ही बातमी महत्त्वाची. सहा म्हणजे कपडे धुवायचे. चार म्हणजे फक्त भांडी. दोन म्हणजे पाहुण्यांना फोन करून कळवायचं, की आम्ही गावाला गेलोय.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर चाचा. चाचांचं आयुष्य मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. विहिरीच्या, मिक्सरच्या, पिठाच्या गिरणीच्या, कुठल्याही. बाबा त्यांना उस्ताद म्हणत. चाचा बाबांना इंजीनियर साब म्हणत, कारण बाबा इंजिनियर नव्हते आणि हे दोघांनाही माहीत होतं. रोज संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर बसून दोघं चहा पीत आणि भांडत. विषय कुठलाही चाले. मांजर डाव्या कुशीवर जास्त झोपतं की उजव्या, यावर एकदा त्यांचे दोन दिवस गेले आणि मांजराची झोप उडाली.

हे सगळं माझ्यामुळं बंद पडलं.

त्याचं असं झालं. सॉफ्टवेअरमधली चूक कुठल्या भागात आहे हे कळत नसेल, तर एकेक भाग बंद करून बघायचा असतो. घरातला फ्यूज उडाला की आपण एकेक बटण बंद करत जातो, तसंच. त्या दिवशी मी पाऊस बंद केला होता, अख्ख्या पृथ्वीवरचा. पडद्यावर नकाशा होता आणि पावसाच्या जागी सगळीकडं पांढराशुभ्र शून्य. रोज दुपारी तीनला आमची मीटिंग असते, ती चालू होती. कानांवर हेडफोन. पलीकडून आमच्या गटाच्या प्रमुख, पुण्याच्या बाई, मला काहीतरी समजावत होत्या. तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले, पडद्याकडं बघून काहीतरी विचारू लागले. मला त्यांचे फक्त ओठ हललेले दिसले. ते जावेत म्हणून मी "हो हो" अशी मान हलवली.

बाबांनी विचारलं होतं, "पुढच्या आठवड्याचं का हे? आपल्याकडं पाऊस नाय?"

पुढच्या आठवड्यात चाचांच्या धाकट्या मुलाचा वलीमा, म्हणजे लग्नानंतरची दावत होती, हर्सूलच्या रस्त्यावरच्या एका लॉनवर. अवकाळी पावसाची कुजबुज होती. मंडपवाला ताडपत्रीचं छत घ्या म्हणत होता, आणि चाचांच्या मनात झालर लावलेलं झिरझिरीत गुलाबी कापड भरलं होतं. बाबांनी त्या संध्याकाळी कट्ट्यावर निकाल दिला. "उस्ताद, ताडपत्री नको. पोरीच्या कॉम्प्युटरवर सोता बघून आलोय. थेंब नाय."

वलीम्याच्या दिवशी पाऊस आला, गारांसकट. गुलाबी कापड आधी फुगत फुगत खाली आलं आणि मग नेमकं खलियाच्या देगेवर फाटलं. कितीतरी तास मंद आचेवर शिजवलेला तो मटणाचा रस्सा एका मिनिटात दुप्पट झाला. पाहुणे सभ्य होते. त्यांनी तोच नानबरोबर खाल्ला आणि खलिया हलका झालाय म्हणाले. हा हलका शब्द चाचांच्या काळजात घुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कट्ट्यावर चाचा म्हणाले, "तेरी बेटी का कॉम्प्युटर भंगार में डाल." बाबा म्हणाले, "माझ्या पोरीचं काही चुकत नाय. तुझ्या मंडपवाल्याला धर." चाचांनी आपला कप बशीत उलटा घातला. बाबा उठून वर आले. तेव्हापासून अबोला. जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही भिंतीवरची पाल शोधत.

मला सगळा उलगडा त्याच दिवशी झाला. बाबांनी काय बघितलं आणि मी कशाला मान हलवली हे लक्षात आल्यावर मी दुपारच्या मीटिंगमध्ये पुण्याच्या बाईंना सांगितलं, त्या हसल्या. खाली जाऊन चाचांना सांगायला हवं होतं, की तो नकाशा अंदाजाचा नव्हताच, बाबाही खोटे नव्हते, मी न ऐकता मान हलवली. एवढं एकच वाक्य. मी सांगितलं नाही. आधी वाटलं दोन दिवसांत मिटेल. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस मूग गिळून का बसली होतीस असं विचारतील. दुसऱ्यांची चूक मी दहा मिनिटांत लिहून मोकळी होते, स्वतःची वर्षभर लिहिली नाही. बाबा संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागले आणि बातम्या देणाऱ्याशी भांडू लागले. तो उलट बोलत नाही, याचा त्यांना फार त्रास होई. मला ते बघवत नसे, म्हणून मी हेडफोन घाली.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्याकडं एक चिवट चूक आली. सॉफ्टवेअरमधल्या पृथ्वीवर पाणी वाढत होतं. समुद्रातलं, ढगातलं, मातीतलं, बर्फातलं सगळं मिळून पाणी कायम तेवढंच राहायला हवं. इथून तिथं जाईल, पण नवं येणार कुठून? आमच्याकडं मात्र थोडं थोडं करून ते वाढत होतं. ज्या शहरात लोक नळाची तोटी उघडी ठेवून तिच्याकडं देवासारखं बघत बसतात, त्या शहरात बसून मी पाणी आपोआप तयार होतंय अशी तक्रार लिहीत होते. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग राहू दे की. कुणाचं काय जातंय?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

आठवडाभरानं बाबा गंगापूरला आत्याकडं गेले. तिच्या घराची वास्तुशांत होती, तीन दिवसांचा बेत. निघताना म्हणाले, "आज पाच आहे. भांडी घास, कपडे राहू दे. अन् काठीला हात लावू नको, मी आल्यावर बघतो." मग जीपमध्ये बसले.

त्या दिवशी मीटिंग संपवून मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर गच्ची ओली. वर बघितलं, आकाश कोरडं ठणठणीत. शेजारच्या गच्च्या कोरड्या. फक्त आमच्या टाकीभोवती डबकं. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते: पाऊस फक्त आमच्यावर पडला. दुसरा विचार, टाकी फुटली. झाकण उघडून बघितलं, तर टाकी काठोकाठ भरलेली. फुटकी टाकी भरलेली कशी असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी काठी घेतली. ही काठी आमच्या घरात मृत्युपत्रासारखी जपली जाते, तिला हात लावताना मलाच चोरटं वाटत होतं. बुडवली. चौदा. नळाला पाणी आलेलं नव्हतं. बाबांना फोन केला.

"बाबा, चौदा आहे."

बाबा सनई-चौघड्यापासून लांब गेल्याचं ऐकू आलं. मग बाबा म्हणाले, "काठी उलटी धरली असशील."

"उलटी धरली तर काही वाचताच येत नाही. खुणा एकाच टोकाला आहेत."

"मग वाचायला चुकली असशील. चौदा कसं असंल? येऊ लागलोय मी."

आणि आले. पंगत सोडून, पुरणपोळी कागदात बांधून, त्याच संध्याकाळी. त्याआधी दुपारी गच्ची पुन्हा ओली झाली होती, कालच्यापेक्षा जास्त. मी बाबांना डबकं दाखवलं. धरणावर आयुष्य काढलेला माणूस डबक्याकडं बघून म्हणाला, "उन्हानं होतं असं."

उन्हानं! त्यानंतर मी गप्प बसणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून टाकीच्या बाबतीत घरात दोन खाती सुरू झाली. बाबा सातला वर जाऊन जाहीर करत, "सहा." मी त्यांच्या मागून जाऊन स्वतःची काठी बुडवी. माझी काठी म्हणजे पोछ्याचा दांडा, त्यावर बाबांच्या काठीच्याच मापानं जांभळ्या नेलपॉलिशच्या खुणा. तिच्यावर नऊ येत. म्हणजे बाबा तीन खुणा गिळत होते. खालच्या हौदातून वर येणारा नळ मी बंद करून बघितला. तरी पाणी वाढलं. मग वेळ पकडायची ठरवली. सकाळी मोजलं, दुपारी अडीचला मोजलं, चारला मोजलं. अडीचपर्यंत पाणी वापरल्यामुळं कमी होई, आणि चारला पुन्हा वर. जे काही व्हायचं ते माझ्या मीटिंगच्या वेळेत होत होतं, मी कान झाकून बसलेली असताना.

इकडं सॉफ्टवेअरमधली चूकही त्याच आठवड्यात हाती लागली. फार कोरड्या चौकोनांमध्ये आकडेमोडीच्या गडबडीत पाणी शून्याच्याही खाली जाई. तिथं फार पूर्वी कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती: शून्याखाली गेलं तर शून्य कर. झालं, तेवढं पाणी फुकटात जन्माला आलं. शेजारी त्या भल्या माणसानं टिपण केलं होतं, "तात्पुरतं." मी ती ओळ जोशात काढून टाकली, आणि पृथ्वी पाच मिनिटांत बंद पडली. म्हणजे ओळ चुकीची, पण तिच्याशिवाय चालेना. मी वैतागले.

गुरुवारी तीनला मी मीटिंगला फोनवरून बसले, आणि फोन घेऊन गच्चीवर टाकीच्या मागं दबा धरून बसले. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर पोछ्याचा दांडा. कॅमेरा बंद करायला विसरले होते.

"तू कुठं आहेस?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"टाकीमागं. पाणी कुठून वाढतं ते बघतेय."

बाईंना वाटलं, मी सॉफ्टवेअरबद्दलच बोलतेय. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. परदेशातल्या एका गोऱ्या शास्त्रज्ञानं दांड्याबद्दल विचारलं. मी मोजमापाचं साधन आहे असं सांगितलं, त्यानं ते लिहून घेतलं.

तेव्हाच मला टाकीची मागची बाजू पहिल्यांदा नीट दिसली. तिथं एक बारीक पाईप आत शिरला होता. भिंतीसारखाच पिवळट रंग दिलेला, सांध्याला व्यवस्थित रबर, कुठं थेंब गळत नाही. असं नेटकं काम आमच्या भागात एकच माणूस करतो. खाली मोटार सुरू झाली आणि पाईप गुरगुरला. मी कठड्यावरून वाकून बघितलं.

खाली मागच्या अंगणात चाचा त्यांच्या बोअरच्या बटणाशी उभे होते, पाठ आमच्याकडं. आणि त्यांच्या बरोबर वर, आमच्या मागच्या बाल्कनीत बाबा बसले होते. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत. हातात काठी. चाचा वर बघत नव्हते, बाबा खाली बघत नव्हते. दहाएक मिनिटं झाली. मग बाबांनी काठीनं कठड्यावर दोनदा वाजवलं. ठक ठक. चाचांनी बटण बंद केलं आणि आत गेले. बाबाही आत गेले. शब्द नाही, नजर नाही, अबोला शाबूत.

माझ्या हातातल्या फोनमधून पुण्याच्या बाई सांगत होत्या, "ती ओळ नुसती काढू नकोस गं. कोरड्या चौकोनाला लागणारं पाणी शेजारच्या चौकोनातून घे. पण घेतलं ते लपवू नकोस, उघड लिही."

मी "हो" म्हणाले आणि रडू यायला लागलं. कॅमेरा चालूच होता. त्या गोऱ्या शास्त्रज्ञानं काळजीनं विचारलं, चूक इतकी मोठी आहे का?

मी तशीच तळमजल्यावर गेले. चाचा दारातच होते. मला दांड्यासकट बघून त्यांनी ओळखलं.

"बेटा, तेरे अब्बाकू मत बोल मैं पकड़ा गया करके," ते घाईनं म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात त्याला बादल्या घेऊन चढताना बघितलं. गुडघा लई दुखत होता त्याचा. बोललो असतो तर तो पाणी घेतला नसता. म्हणून पाईप टाकला. दुसऱ्याच दिवशी वरून ठकठक आली. समझ गया मैं, बस बोल रहा है."

"आणि गेल्या आठवड्यात टाकी वाहत होती ती?"

चाचांचा चेहरा उतरला. "दोन दिवस ठकठकच नाही आली. मी मोटार चालू ठेवून उभा. आता वाजवंल, मग वाजवंल. दिल घबराया मेरा. कुछ हो तो नहीं गया? विचारू कुणाला? दूधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी वाजलं तेव्हा जाऊन जेवलो."

हे ऐकल्यावर माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सांगून टाकलं. पाऊस मुद्दाम बंद केलेला होता, हेडफोन होता, बाबांनी काय विचारलं ते ऐकलंच नाही, नुसती मान हलवली, आणि वर्षभर भ्याडासारखी गप्प बसले. लाज वाटत होती, पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

चाचांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पाऊस बंद करता येतो?"

"फक्त कॉम्प्युटरात."

"और तूने मुंडी हिलाई."

"हो."

"मेरा खलिया…" एवढं म्हणून ते अनवाणीच जिना चढू लागले. मी मागं. वर्षभरानं ते आमच्या दारात उभे राहिले. बाबांनी दार उघडलं, आधी चाचांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या दांड्याकडं.

"तेरेकू मालूम था?" चाचांनी विचारलं. "बेटी ने मुंडी हिलाई सो?"

बाबा दाराची कडी उगीच वर-खाली करत राहिले. "भांडण झालं त्याच दुपारी कळलं," ते म्हणाले. "फोनवर सांगू लागली होती कुणाला तरी. दाराशी चहा घेऊन उभा होतो."

मला वाटत होतं, वर्षभर मी लपवतेय.

"फिर बोला कायकू नहीं?"

"काय बोलू? पोरीवर ढकलू? त्यापेक्षा माझ्यावर रुसलास ते बरं."

चुका शोधायचा पगार घेते आणि घरात माझी चूक रोज संध्याकाळी टीव्हीसमोर एकटी बसलेली मला दिसली नव्हती. मी "बाबा" एवढंच म्हटलं.

"पागल है तू," चाचा म्हणाले. "मेरेकू बोलना था, मेरी गलती है करके. मैं माफ करता, खत्म."

"माझी नव्हतीच तर कशाला म्हणू?"

"नकाशा तू बघितला!"

"ताडपत्री नको म्हणायला तू आधीच बसला होतास! झालर पाहिजे होती तुला!"

"झालर में क्या खराबी थी?"

इथून पुढं मला कुणी विचारलं नाही. दोघं बोलत बोलत जिना उतरले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. वर्षभराचं साचलेलं होतं. झालरीवरून ते गारांवर गेले, गारांवरून मंडपवाल्याच्या मेव्हण्यावर, तिथून मांजरावर. चाचींनी खिडकीतून चहा दिला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं झालं. त्या मोटारीपेक्षा माझंच डोकं जास्त फिरलं होतं."

मी सॉफ्टवेअरमधली ओळ बदलली. आता कोरडा चौकोन शेजारच्या चौकोनातून पाणी घेतो आणि घेतलं असं उघड लिहितो. बेरीज जुळते, पृथ्वी बंद पडत नाही. टिपणात मी तात्पुरतं असं लिहिलं नाही. घरी बाबाही आता सकाळी खरी खूण सांगतात, वर "त्यातल्या तीन उस्तादच्या" असंही सांगतात. पोछ्याचा दांडा पुन्हा पोछ्याला लागलाय. नेलपॉलिश मात्र निघालेलं नाही.

पुढच्या सोमवारी तीनला मी मीटिंगला बसले होते. नव्या चाचणीचे निकाल सांगत होते, तेवढ्यात पुण्याच्या बाई म्हणाल्या, "तुझ्याकडून कसला आवाज येतोय? पाऊस पडतोय का तिकडं?"

माझी मान सवयीनं हलायला निघाली होती. मी ती थांबवली. हेडफोन काढला, उठले आणि मागच्या बाल्कनीत जाऊन बघितलं. बाल्कनी रिकामी होती, काठी कोपऱ्यात उभी. गच्चीवरून पाण्याची धार मागच्या अंगणात कोसळत होती आणि खाली मोटार तशीच चालू होती. बटणाजवळ कुणी नव्हतं. घराच्या पुढच्या बाजूनं, कट्ट्यावरून, दोन म्हातारे एकाच वेळी ओरडत होते. ठकठक करायची कुणालाच शुद्ध नव्हती.

या शहरात असं पाणी वाया जाऊ देणं म्हणजे गुन्हाच. मला खाली धावायला हवं होतं. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, ऐकत. मग आत येऊन हेडफोन घातला.

"पाऊस नाही," मी बाईंना सांगितलं. "टाकी भरून वाहतेय. वाहू दे पाच मिनिटं."